निवड होईपर्यंत थांबलेला संगणक

“‘सदर कर्मचारी दृष्टिहीन असून, त्यांनी कोणाचीही परवानगी न घेता कार्यालयीन संगणकावर दुसरी प्रणाली बसवल्यामुळे तो संगणक कायमचा निकामी झाला आहे. त्यातील सर्व मजकूर नष्ट झाला आहे. या हानीची जबाबदारी सर्वस्वी त्यांच्यावर आहे.’ ऐकलंत ना नीट?” व्यवस्थापकांनी ज्ञापनाचा कागद टेबलावर ठेवत विचारले.

“ऐकणं जमतं मला,” ठिपकेबाई म्हणाल्या. “पहिलं वाक्य पुन्हा वाचा बरं.”

व्यवस्थापकांनी ते पुन्हा वाचले.

“यात ‘दृष्टिहीन असून’ कशाला आलंय? लेखनिकानं हेच केलं असतं, तर तुम्ही ‘डोळस असून’ असं लिहिलं असतं?”

“बाई, शब्दांत पकडू नका हो. तुमच्याच भल्यासाठी बोलतोय मी.”

ज्यांना आपल्या भल्याचा उल्लेख वारंवार ऐकावा लागतो, त्यांना त्या शब्दाचा नेमका अर्थ कळलेला असतो. ठिपकेबाईंनी हातातली काठी दुमडून मांडीवर घेतली आणि खुर्चीत ताठ बसल्या. अंधांसाठी पुस्तके छापणाऱ्या त्या संस्थेत त्या ब्रेलच्या मुद्रितशोधक होत्या. जाड कागदावर उठलेले ठिपके बोटांनी वाचायचे, चुकलेला ठिपका हुडकायचा आणि पान परत पाठवायचे, हे त्यांचे काम. संस्थेच्या शाळेतल्या मुलांनी त्यांचे नाव ठेवले होते ठिपकेबाई. बाईंना ते एखाद्या पदवीसारखे वाटे. साहित्यातली खरी पदवीही त्यांच्याजवळ होती, आणि विनय नावाचा गुण त्यांनी फारसा जोपासला नव्हता.

“कायमचा निकामी झाला, हे ठरवलं कुणी?” त्यांनी विचारले.

“समितीनं. मी, हिशेबनीस आणि लेखनिक. समक्ष पाहणी केली आम्ही.”

“काय पाहिलंत?”

“बटण दाबलं. स्क्रीन काळी. परत दाबलं. परत काळी. अजून काय बघायचं असतं?”

समितीत तीन जण होते. तिघांनाही उत्तम दिसत होते, आणि समितीच्या कामकाजात त्यांच्या केवळ याच पात्रतेचा उपयोग झाला होता.

“माझ्या संगणकाला स्क्रीन नाहीच आहे,” बाई म्हणाल्या. “कुठून आणलीत?”

“स्वागतकक्षातला मॉनिटर आणून जोडला.”

“म्हणजे माझाच.”

व्यवस्थापक खाकरले. तो मॉनिटर एके काळी बाईंच्याच टेबलावर होता. ‘तुम्हाला तसा त्याचा काय उपयोग?’ असे म्हणून तो स्वागतकक्षात नेण्यात आला, आणि तेव्हापासून त्यावर येणाऱ्या-जाणाऱ्या पाहुण्यांना संस्थेच्या कार्याची चित्रफीत दाखवली जात असे. चित्रफितीत, मंद संगीताच्या साथीने ब्रेलच्या पानावरून फिरणारा एक हात होता. तो हात ठिपकेबाईंचा होता. उरलेल्या ठिपकेबाई चौकटीत बसल्या नव्हत्या.

“आणि मजकूर नष्ट झाला, हे कसं कळलं?”

“सुरूच होत नाही म्हटल्यावर मजकूर कुठून राहणार? फोनवरून तंत्रज्ञाला सगळं सांगितलं मी. तो म्हणाला, असं दोन-दोन सिस्टिम टाकल्यावर होतंच. जेवणाच्या सुट्टीनंतर येऊन सगळं पुसून टाकेल आणि एकच नवी टाकून देईल. विषय संपला.”

‘सगळं पुसून’ एवढेच बाईंच्या कानात राहिले. तोवर त्या प्रश्न विचारत होत्या, त्या प्रश्नांना धार होती. पण त्या धारेमागे काय आहे, हे फक्त त्यांना ठाऊक होते. सकाळी आल्याआल्या त्यांनीही बटण दाबले होते. संगणक गप्प होता. पुन्हा बंद करून दाबले, तरी गप्प. समितीने जे ठरवले होते, तेच त्यांच्याही मनाने ठरवून टाकले होते. आणि त्या डिस्कवर आजवर छापलेल्या प्रत्येक पुस्तकाची मूळ प्रत होती. शिवाय शेवटचा हात फिरवून छपाईसाठी सज्ज झालेले गणिताचे पाठ्यपुस्तक होते, ज्याच्या भरवशावर शाळेतली मुले परीक्षेला बसणार होती. दुसऱ्या डिस्कवर नक्कल ठेवण्यासाठी बाईंनी अर्ज केला होता. तो विचाराधीन होता.

“आता एवढंच करा,” व्यवस्थापकांचा आवाज मऊ झाला. “मी तुमच्यातर्फे लिहून ठेवलंय. ‘माझ्या शारीरिक मर्यादेमुळे व अज्ञानामुळे माझ्या हातून ही चूक घडली, तरी सहानुभूतीने विचार व्हावा.’ विश्वस्त काही दगड नाहीत. पाघळतील. इथं अंगठा द्या.”

“अंगठा?”

“बरं, सही. माझ्या लक्षातच नाही येत.”

“कबुली मी देईन,” ठिपकेबाई उठत म्हणाल्या, “पण माझी मी लिहीन. माझं लिहिलेलं दुसऱ्यानं तपासलं तर मला चालतं. दुसऱ्यानं लिहिलेलं माझ्या नावावर नको. सुट्टी संपेपर्यंत त्या तंत्रज्ञाला यंत्राला हात लावू देऊ नका.”

“तुम्ही काय करणार तोपर्यंत?”

“पाहणी,” बाई म्हणाल्या.

*

ज्ञापनातला एक आरोप खरा होता. दुसरी ऑपरेटिंग सिस्टिम ठिपकेबाईंनीच बसवली होती, आणि कुणाला विचारले नव्हते.

जुन्या सिस्टिमवर स्क्रीनवरचे अक्षर वाचून दाखवणारा एक प्रोग्राम होता. त्याच्या परवान्याची मुदत संपली. अंधांच्या संस्थेत त्याचे नूतनीकरण सर्वांत आधी व्हायला हवे, असे भाबड्या माणसाला वाटेल. पण त्याच सुमारास प्रवेशद्वाराची कमान उभारायची निघाली होती. प्रोग्राम बंद पडला आणि बाईंचा संगणक मुका झाला. मग छपाईयंत्र चालवणारे मामा स्वागतकक्षातला मॉनिटर उसना आणून त्यांना वाचून दाखवू लागले. मामा भला माणूस, पण त्यांचे वाचन असे: “बाई, एक चौकोन आलाय मधेच. काहीतरी विचारतोय. हो म्हणू का नको म्हणू?”

“काय विचारतोय ते वाचा ना, मामा.”

“लई बारीक आहे हो. मी हो म्हणून टाकतो.”

या ‘हो म्हणून टाकतो’मध्ये एक अख्खे प्रकरण नाहीसे झाले, त्या दिवशी बाईंनी निश्चय केला. बसवताना पहिल्या पायरीपासून बोलत राहणारी एक विनामूल्य सिस्टिम आहे, हे त्यांना माहीत होते. जुनी सिस्टिम काढून टाकता येत नव्हती, कारण छपाईयंत्र फक्त तिचेच ऐकत असे. म्हणून दुपारच्या सुट्टीत, कानात इअरफोन घालून, डिस्कचा एक भाग रिकामा करून, त्यांनी नवी सिस्टिम जुनीच्या शेजारी बसवली. वाचायला-तपासायला नवी, छापायला जुनी. एकदा चुकले, दोनदा चुकले, आणि नंतर जमले. त्या दिवशी घरी जाताना त्या बसमध्ये शेजारच्या अनोळखी बाईंशी इतक्या आनंदाने बोलल्या की त्या बाईंनी मुलाचे लग्न ठरले का म्हणून विचारले.

अडचण एकच उरली. संगणक सुरू झाला की दोन्ही सिस्टिमची नावे असलेली यादी येते आणि काही सेकंदांत निवड केली नाही तर यंत्र स्वतःच निवड करून मोकळे होते. डोळस माणसाला ते सेकंद पडद्यावर उलटे धावताना दिसतात. यादी मात्र बोलत नाही. बोलणारा प्रोग्राम सिस्टिम जागी झाल्यानंतरचा. आपल्या वतीने कुणीतरी गुपचूप निर्णय घेऊन टाकणे हा प्रकार ठिपकेबाईंनी माणसांकडून जन्मभर सोसला होता. तो यंत्राकडूनही सोसण्याचे त्यांना काही कारण दिसेना. त्यांनी सेकंदांची मोजणीच काढून टाकली. निवड होईपर्यंत थांबायचे, अशी यादीला आज्ञा दिली. आणि यादी आल्याचे कळावे म्हणून तिला एक सूर लावला: दोन आखूड, एक लांब. संगणकाच्या पोटातल्या नखाएवढ्या भोंग्यातून रोज सकाळी तो सूर उमटे, बाई एंटर दाबत आणि यंत्र बोलू लागे. यातले त्यांनी कुणाला काही सांगितले नव्हते.

परवा त्या दाढ काढायला म्हणून रजेवर गेल्या. आज परत आल्या, तर सूर नव्हता.

*

बाईंच्या खोलीत कागदाचा आणि यंत्राच्या तेलाचा वास होता. त्यांनी दार लोटून घेतले, संगणकाचे बटण दाबले आणि वाट पाहिली. पंखा फिरू लागला. सूर आला नाही. यादीच येत नसेल, तर डिस्कचा आरंभच उद्ध्वस्त झाला असणार. आणि तोही आपल्याच हातांनी. मुलांच्या हातात या परीक्षेला काय पडणार? रिकामे बाक, आणि ‘बाईंनी बिघडवले’ एवढी बातमी.

फोन वाजला. वहिनी होती.

“वन्सं, दाढ कशी आहे? आणि आवाज असा का पडलाय?”

ठिपकेबाई भाऊ-भावजयीकडे राहत. वहिनी त्यांना वन्सं म्हणे ते निम्मे मानाने आणि निम्मे चिडवायला. बाईंनी तिला सगळे सांगितले. मर्यादा, अज्ञान, अंगठा, सगळे.

“अंगठा? अगं बाई! त्यांना म्हणावं, अंगठा आहे, पण तो दाखवायला ठेवलाय. डोळे मिटून कुठं सही करू नका हं.”

“मला दुसऱ्या तऱ्हेनं येते का सही?”

वहिनी मोकळेपणाने हसली. “बरं, ते यंत्र मेलंय म्हणजे नेमकं काय करतंय?”

“काही करत नाहीये. गप्प आहे.”

“गप्प आहे म्हणजे मेलंय होय? मग तुमच्या दादांना मी कितीदा पोचवून आले असते! रुसले की दिवसच्या दिवस गप्प. पण ताट वाढून पुढं ठेवलं की मुकाट्यानं जेवतात. गरम आहे का बघा अंगाला.”

“दादा?”

“यंत्र हो!”

बाई हसल्या, आणि फोन ठेवल्यावर त्यांनी खरोखरच यंत्राच्या अंगाला हात लावला. उबदार होते. मागच्या जाळीतून कोमट हवा येत होती, एका लयीत, न अडखळता. ज्याचा आरंभ मोडला आहे ते यंत्र असे शांतपणे बसून राहत नाही. ते धडपडते, पुन्हा पुन्हा पहिल्यापासून सुरू होऊ पाहते. हे मात्र बसले होते. कुणाची तरी वाट पाहत असल्यासारखे.

त्यांनी यंत्र बंद केले, वीज काढली, बाजूचे झाकण उतरवले आणि हात आत घातला. त्यांच्या बोटांना तो प्रदेश पाठ होता. पंखा, डिस्क, रुंद पट्टीसारखी तार. आणि कोपऱ्यात, जिथे भोंग्याची दुपदरी बारीक वायर पट्टीत खोचलेली असायची, तिथे दोन उघड्या पिना होत्या. वायर नीट गुंडाळून बाजूला ठेवली होती. एवढ्या नेटकेपणाने गुंडाळी करणारा माणूस संस्थेत एकच होता.

“मामा!” त्यांनी हाक मारली.

मामा हात पुसत आले. उघडा संगणक पाहून दारातच थबकले.

“भोंगा कुणी काढला?”

मामांनी गुंडाळलेल्या वायरीकडे पाहिले. मग म्हणाले, “मीच काढला, बाई. तुम्ही नव्हता त्या दिवशी पाहुणे आले होते. साहेबांनी त्यांना दाखवायला म्हणून संगणक चालू केला. ते टुक टुक टूऽ वाजलं आणि पाहुण्यातलं एक जण म्हणालं, हे काय, आगगाडी सुटतीय का? सगळे हसले. पुढं काही होईना, तसे साहेब आणखी ओशाळले. पाहुणे गेल्यावर मला म्हणाले, ते केकाटणं आधी बंद कर. मी काढलं. माझ्या त्या वायरीनं बिघडलं का हो सगळं?”

बाईंनी हात बाहेर काढला. त्या खुर्चीत टेकल्या. म्हणजे यादी आली होती. पाहुण्यांसमोर आली होती, समितीसमोर आली होती, आज सकाळी त्यांच्या स्वतःसमोरही आली होती. दर वेळी आज्ञेप्रमाणे थांबली होती, आणि दर वेळी तिला मृत समजून कुणीतरी बटण बंद केले होते.

“मग स्क्रीन काळी का होती?” त्या स्वतःशीच पुटपुटल्या आणि मॉनिटरची केबल चाचपत यंत्राच्या मागे पोचल्या. मागे दोन खोबणी होत्या. खालची चित्राच्या कार्डाची, जिवंत. तिच्यावर रबराचे टोपण तसेच होते. केबल वरच्या, कार्ड बसवल्यापासून निकामी असलेल्या खोबणीत घट्ट आवळून बसवली होती. स्क्रूसुद्धा पिळले होते. समितीने त्या कामात कसूर केलेली नव्हती.

“नाही मामा,” त्या म्हणाल्या. “तुमच्यामुळं नाही बिघडलं. बिघडलंच नाही काही. बसा, आणि मी सांगेपर्यंत बोलू नका.”

त्यांनी भोंग्याची वायर जोडली नाही, फक्त वीज पुन्हा लावली. बटण दाबले. पंखा फिरला. खोली गप्प. त्यांनी कीबोर्डवर हात ठेवला, मनात दोन आखूड आणि एक लांब सूर म्हटला, आणि एंटर दाबले.

डिस्कने कुरकुर केली. मामांनी श्वास रोखला. कुरकुर वाढली, थांबली, पुन्हा सुरू झाली. आणि टेबलावरच्या स्पीकरमधून तो सपाट, भावनाशून्य, सगळ्या आवाजांत बाईंना सर्वांत प्रिय असलेला आवाज म्हणाला: “स्वागत आहे.”

बाईंनी पुस्तकांचा कप्पा उघडला. आवाज एकेक नाव वाचू लागला. इतिहास. भूगोल. व्याकरण. गणित. बाईंनी गणित उघडले, शेवटच्या पानावर गेल्या आणि शेवटचे उदाहरण ऐकले. मग पुन्हा ऐकले. गरज नव्हती तरी. मामांनी नाक पुसल्याचा आवाज आला.

नेमके तेव्हा दार उघडून व्यवस्थापक आत आले. त्यांच्यापुढे एक काळा मिट्ट पडदा होता, आणि त्याच्या शेजारून एक आवाज अपूर्णांकांचा गुणाकार सांगत होता.

“हे काय?” ते म्हणाले. “स्क्रीन तर काळीच आहे!”

“हो,” ठिपकेबाई म्हणाल्या. “तिची तक्रार वेगळी नोंदवा. संगणक चालू आहे.”

व्यवस्थापकांनी पडद्याकडे पाहिले, बाईंकडे पाहिले आणि पुन्हा पडद्याकडे पाहिले. डोळ्यांवरची श्रद्धा इतक्या सहज सुटत नाही.

“पण मजकूर…”

“ऐकताय ना? मामा, छपाईचा कागद लावा. गणित आज सुरू करायचं.”

मामा जवळजवळ पळतच गेले. व्यवस्थापकांनी खिशातून फोन काढून तंत्रज्ञाला येऊ नको म्हणून सांगितले. फोन ठेवल्यावर त्यांचा आवाज पुन्हा मऊ झाला. “चला, शेवट गोड झाला. मी काय म्हणतो बाई, आता कशाला वाढवायचं? ज्ञापन विश्वस्त मंडळाकडे गेलंय खरं, पण मी बघतो. थोडं ते मर्यादेबिर्यादेचं राहू द्या, म्हणजे त्यांनाही बरं वाटेल, आणि विषय मिटेल.”

“मंडळाला कबुली हवी आहे ना?”

“आता तशी…”

“मग मी देते. मी केलंय ते मी केलंय. ते झाकून ठेवलं, तर उद्या कुणीतरी म्हणेल, ते आपोआप झालं.”

त्या सरळ बसल्या, इअरफोन बाजूला ठेवला आणि लिहू लागल्या. मध्ये एकदाच थांबल्या, एक परिच्छेद पुसून पुन्हा लिहिला, आणि तो आधीच्यापेक्षा लांब झाला. मग सवयीच्या कळा दाबत संगणक जुन्या सिस्टिमवर नेला आणि शेजारच्या खोलीत मामांचे यंत्र जाड कागदावर खडखडू लागले. गरम पान हातात आल्यावर बाईंनी त्यावरून बोटे फिरवली, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत, नेहमीच्याच वेगाने. चूक नव्हती. साध्या छपाईतली दुसरी प्रत त्यांनी टाचणीने मागे जोडली आणि दोन्ही व्यवस्थापकांच्या हातात दिल्या. विश्वस्तांपुढे जे निवेदन गेले, ते असे:

“मी, या छापखान्याची मुद्रितशोधक, कबूल करते की संस्थेच्या संगणकावर दुसरी ऑपरेटिंग सिस्टिम मी बसवली. परवानगी घेतली नाही. मागितली असती तर ती विचाराधीन राहिली असती, आणि मला काम करायचे होते. हे मी अज्ञानातून केले नाही. शिकून केले आणि एकटीने केले. माझ्या शारीरिक मर्यादेचा यात संबंध नाही.

संगणकाने सुरू होताना माझ्या निवडीची वाट पाहावी, अशी व्यवस्था मी केली आणि ती कुणालाही सांगितली नाही. ही माझी चूक. सांगितली असती, तर कुणीही एक कळ दाबून तो सुरू करू शकले असते. माझ्यावाचून तो सुरू होऊ नये, असे मला आत कुठेतरी वाटत होते काय, हे मी स्वतःला विचारले. उत्तर होय असे आले. आजपासून ती पद्धत छपाईयंत्र चालवणाऱ्या मामांना ठाऊक आहे.

आज सकाळी मला काही ऐकू आले नाही, म्हणून संगणक संपला असे मी मानले. समितीला काही दिसले नाही, म्हणून समितीने तेच मानले. चूक दोघांची एकच आहे. मी नंतर एंटर दाबून पाहिले.

या निवेदनाची मूळ प्रत ब्रेलमध्ये असून ती मी स्वतः वाचून तपासली आहे. सोबतची छापील प्रत, ज्यांना केवळ डोळ्यांनीच वाचता येते त्यांच्या सोयीसाठी जोडली आहे. दोहोंत तफावत आढळल्यास ब्रेल प्रत ग्राह्य धरावी.”